नदीतील ट्राऊट व निंफचा गळ

ट्राऊट हा थंड पाण्याचा मासा आहे. पाण्याचे उष्णतामान २० अंश सेल्सिअसच्या वर जाऊन तेथेच रेंगाळू लागले की त्याचे खाणे मंदावते, आणि त्याहून अधिक तापलेल्या पाण्यात तो फार काळ तग धरीत नाही. महाराष्ट्रातील नद्यांतून ट्राऊटची अपेक्षा करणे यास्तव व्यर्थ होय. तथापि फळबागांच्या किंवा मत्स्यपालनाच्या अभ्यासासाठी हिमाचल प्रदेशात कुलू, बंजार, बरोट या भागांत जाणारे आपल्याकडील शेतकरी तेथे नदीत गुडघाभर पाण्यात उभे राहून गळ टाकणारे लोक हटकून पाहतात. गळाला गांडूळ नाही, कणकेची गोळी नाही. तांब्याची तार व पिसाचे चार तंतू गुंडाळलेला, गव्हाच्या दाण्याएवढा एक जिन्नस तेवढा असतो, आणि त्यावर किलोभर वजनाचा मासा येतो. हा प्रकार काय आहे, तो कसा शिकावा, व तो शिकताना नदीच्या तळाविषयी कोणते ज्ञान हाती येते, हे या लेखात सांगावयाचे आहे. यातील शेवटचा भाग सह्याद्रीतील ओढ्यांच्या काठी शेती करणाऱ्यांसही उपयोगी पडेल.

भारतातील ट्राऊट मूळचा येथील नव्हे. तपकिरी ट्राऊट युरोपातला, तर रेनबो ट्राऊट उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागातला. तपकिरी ट्राऊटची स्कॉटलंडहून आणलेली अंडी १९०० मध्ये काश्मीरात उबविण्यात यश आले; १९०७ मध्ये नीलगिरीवर अव्हलांच येथे उबवणी केंद्र निघाले; आणि १९०९ मध्ये काश्मीरमधून आणलेल्या अंड्यांवर कुलू खोऱ्यातील महिली येथे काम सुरू झाले. आज तेथील तलावांतून व वाहत्या पाण्याच्या हौदांतून मुख्यतः रेनबो ट्राऊट पाळला जातो, तर नदीत स्वतःच्या बळावर टिकून राहिलेला मासा बहुतांशी तपकिरी ट्राऊट असतो. हिमालयातील नद्यांत ‘स्नो ट्राऊट’ नावाचा मासा मूळचाच आहे. परंतु नावाखेरीज त्याचा ट्राऊटशी संबंध नाही. तो आपल्या रोहू-कटल्याच्या कुळातला असून दगडावरील शेवाळ खरवडून खातो. परक्या ट्राऊटची भलावण करताना या स्थानिक माशाचा विसर पडू नये, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

निंफ म्हणजे काय?

‘निंफ’ ही अवस्था शेतकऱ्याला परकी नाही. तुडतुडे, मावा, नाकतोडा यांची पिल्ले आपण पिकावर नित्य पाहतो. अंड्यातून निघालेले पिल्लू बरेचसे प्रौढासारखे दिसते, त्याला पंख तेवढे नसतात. ते वारंवार कात टाकून वाढते आणि कोषात न जाता प्रौढ होते. कीटकशास्त्रात या पिल्लांनाच निंफ म्हणतात. उलटपक्षी घाटेअळी किंवा बोंडअळी अंडे, अळी, कोष व पतंग अशा चार अवस्थांतून जाते. हाच भेद पाण्यातील कीटकांतही आढळतो. मेफ्लाय व स्टोनफ्लाय या कीटकांची पिल्ले पाण्यात वाढतात व तेथून थेट पंख असलेल्या अवस्थेत बाहेर येतात. कॅडिस नावाच्या कीटकाची मात्र अळी असते, आणि ती पाण्यातच कोषावस्थेत जाते. गळ टाकणारे लोक या सर्वांना सरसकट निंफ म्हणतात. शास्त्रदृष्ट्या ते बरोबर नाही, पण व्यवहारात त्यावाचून काही अडत नाही.

येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, या कीटकांचे आयुष्य जवळजवळ सर्वस्वी पाण्याखाली जाते. मेफ्लायचे पिल्लू कित्येक महिने दगडाखाली काढते. पंख फुटल्यानंतरचे त्याचे जिणे मात्र काही तासांचे, फार तर एक-दोन दिवसांचे; त्या अवस्थेत ते अन्नही घेत नाही. स्टोनफ्लायच्या काही मोठ्या जातींची पिल्ले दोन-तीन वर्षे पाण्यात राहतात. पाण्याच्या पृष्ठावर माश्या उडत असताना मासे वर येऊन त्या टिपतात, हे दृश्य मनोहर असले तरी ते वर्षातील थोड्याच घटकांचे असते. उरलेला सर्व काळ मासा पाण्याखाली जे वाहत येईल ते खात असतो. म्हणून ज्याला ट्राऊट धरावयाचा आहे त्याने पाण्याच्या पृष्ठाकडे न पाहता तळाकडे पाहावयास शिकले पाहिजे.

दगड उलटून पाहणे

हा या विद्येचा पहिला धडा होय, आणि शिकाऊ माणूस नेमका तोच टाळतो. गळाची काठी जोडण्यापूर्वी एक पांढरे ताट व स्वयंपाकघरातील बारीक चाळणी घेऊन नदीच्या खळाळत्या, उथळ भागात उतरावे. चाळणी दगडाच्या खालच्या अंगाला, प्रवाहाकडे तोंड करून धरावी व दगड हळूच उचलावा. सैल झालेले कीटक वाहत येऊन चाळणीत अडकतात. दगडाची खालची बाजू बोटाने पुसून तेही चाळणीत घ्यावे व सर्व ताटात पाणी घालून उलटे करावे. मिनिटभरात ताट हालचालीने भरून जाते.

शरीराच्या मागे बहुधा तीन लांब शेपट्या, पोटाच्या दोन्ही अंगांना हलणारे पानांसारखे कल्ले आणि प्रत्येक पायाला एकच नखी असेल, तर ते मेफ्लायचे पिल्लू समजावे. त्यातही दोन तऱ्हा आढळतात. काही चपटी, रुंद डोक्याची, दगडाला चिकटून सरपटणारी असतात. काही गोलसर, बारीक, माशासारखी पोहणारी असतात. शेपट्या दोनच व पायांना दोन-दोन नख्या असतील, पोटाच्या बाजूंना कल्ले नसतील, तर ते स्टोनफ्लायचे पिल्लू. वाळूचे कण किंवा काडीकचरा चिकटवून केलेली नळी सरकताना दिसली तर आत कॅडिसची अळी आहे असे जाणावे. ही नळी ती तोंडातून निघणाऱ्या रेशमी धाग्याने जोडते. नळी न बांधणारे, दगडांच्या फटीत जाळे विणणारे कॅडिसही असतात. ते हिरवट वा पिवळट अळीसारखे दिसतात.

यांपैकी कोणते अधिक आहेत, त्यांचा आकार किती, व रंग कोणता, या तीन गोष्टी वहीत टिपाव्या. आकाराकडे सर्वाधिक लक्ष द्यावे. नदीत अर्ध्या सेंटिमीटरची पिल्ले असताना दोन सेंटिमीटरचा निंफ टाकला तर मासा बिचकतो. काही पिल्लांच्या पाठीवर पंखांच्या जागी काळ्या फुगीर पेट्या दिसतात. तसे असल्यास ती लवकरच वर येणार असे समजावे.

आणखी एक गोष्ट. ही पिल्ले नेहमी दगडाला धरून राहत नाहीत. ती मधूनमधून सुटून प्रवाहाबरोबर वाहतात, आणि हे वाहणे रात्र पडताच फार वाढते. दिवे लागणीची वेळ ट्राऊटच्या खाण्याची असते, याचे एक कारण हे आहे.

मासा कोठे असतो?

ट्राऊट प्रवाहाकडे तोंड करून एका जागी स्थिर असतो. अन्न त्याच्याकडे वाहत येते, त्यामागे तो धावत नाही. परंतु जोरदार धारेत दिवसभर पोहत राहिला तर मिळालेल्या अन्नापेक्षा खर्च झालेली शक्ती अधिक व्हावयाची. म्हणून जेथे आपल्याला बळ खर्चावे लागत नाही, पण हाताशी अन्न वाहत राहते, अशी जागा तो निवडतो. मोठ्या दगडाच्या मागे, तसेच त्याच्या पुढे पाणी जेथे किंचित थबकते तेथे. वेगवान धार व संथ पाणी यांच्या सीमारेषेवर. खळाळ संपून डोह सुरू होतो त्या उतारावर. व काठाखाली पाण्याने पोखरलेल्या कपारीत तो सापडतो. तळाशी घर्षणामुळे पाणी वरच्यापेक्षा बरेच संथ असते, म्हणून वरून भयंकर दिसणाऱ्या धारेखालीही तो निवांत उभा असू शकतो.

त्याचे तोंड वरच्या अंगाला असल्याने त्याच्या पाठीमागून, म्हणजे खालच्या अंगाकडून जावे. मागील बाजूस त्यास दिसत नाही. पाऊल दाबून टाकू नये, कारण दगडांचा आवाज पाण्यात फार दूर जातो. भडक कपडे घालू नयेत आणि आपली सावली पाण्यावर पडू देऊ नये.

साहित्य

काठी साडेनऊ ते अकरा फूट लांबीची, लवचिक शेंड्याची असावी. लांब काठीचा लाभ पुढे कळेल. रीळ साधे चालते. दोरीच्या टोकाला काठीच्या लांबीएवढे निमुळते नायलॉनचे तंगूस, व त्याच्या शेवटी ०.१२ ते ०.१८ मिलिमीटर जाडीचे अगदी बारीक तंगूस हातभर जोडावे. हे बारीक तंगूस पाहून आपल्याकडील माणसास हसू येते. कोकणात गरवताना वापरतो ते तंगूस याच्या दुप्पट-तिप्पट जाड असते. परंतु जाड तंगुसाला प्रवाह धरतो व निंफ बुडू देत नाही, ही त्यातील मेख आहे.

निंफ विकत मिळतात, पण ते स्वतः बांधणे चांगले. इंग्लंडमध्ये विल्टशायर परगण्यातील एव्हॉन नदीचा रखवालदार फ्रँक सॉयर याने केलेला निंफ जगभर प्रसिद्ध आहे व त्याला दोनच वस्तू लागतात: फेझंट पक्ष्याच्या शेपटीच्या पिसाचे तांबूस तंतू, व तांब्याची तार. रेशमी दोरा तो वापरीत नसे. पंख्याच्या किंवा लहान ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळीतून निघालेली, केसाहून थोडी जाड तार यासाठी उत्तम. प्रथम गळाच्या दांड्यावर तार गुंडाळून पुढच्या बाजूस, म्हणजे पिल्लाच्या छातीच्या जागी, तिचा फुगवटा करावा. मग चार तंतूंची टोके शेपटीसारखी मागे सोडून ते तारेने बांधावे, तार व तंतू एकत्र पिळून पुढपर्यंत गुंडाळावे, व उरलेले तंतू फुगवट्यावरून मागेपुढे दुमडून पंखपेटी करावी. पाय करण्याची गरज नाही. पोहणारे पिल्लू पाय अंगाशी घेते. गळाचा क्रमांक १२ ते १६ असावा. क्रमांक जितका मोठा तितका गळ लहान, हे विसरू नये. पिसांसाठी पाळीव कोंबड्याचे तांबूस पीस पुरते. हिमाचलातील मोनालसारख्या रानपक्ष्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण आहे; त्यांचे पीस कोणी देऊ केले तरी घेऊ नये.

खोल व वेगवान पाण्यासाठी निंफच्या डोक्याशी टंगस्टनचा मणी घालतात. टंगस्टनची घनता शिशाच्या पावणेदोन पटीच्या जवळपास असल्याने लहान मणीही वेगाने बुडतो. शिसे टाळावे. तुटून पडलेली शिशाची वजने गिळून हंस मरू लागल्याने ब्रिटनमध्ये १९८७ पासून मासेमारीच्या ठरावीक आकाराच्या शिशाच्या वजनांवर बंदी आहे.

शिकाऊ लोक डझनावारी तऱ्हेचे निंफ जमवितात. तीन पुरतात: एक हलका, एक मध्यम, एक जड. तिन्ही एकाच रंगाचे असले तरी हरकत नाही.

गळ टाकण्याची रीत

आता मुख्य भागाकडे वळू. यातील सारे यश दोन गोष्टींवर अवलंबून आहे: निंफ तळाजवळ पोहोचला पाहिजे, व तेथे तो दोरीने ओढला न जाता सुटा असल्यासारखा वाहिला पाहिजे. बाकीचे सर्व बारकावे या दोहोंच्या पोटात येतात.

पहिल्या गोष्टीचा हिशेब करता येतो. समजा, धारेचा वेग सेकंदाला १ मीटर आहे, मासा उभा आहे तेथे खोली ८० सेंटिमीटर आहे, आणि आपला निंफ सेकंदाला २० सेंटिमीटर बुडतो. तळाशी जाण्यास त्यास ४ सेकंद लागतील, व तेवढ्या वेळात तो ४ मीटर वाहत जाईल. म्हणजे तो माशाच्या वरच्या अंगाला ४ मीटरवर पडला पाहिजे. नवशिका तो नेमका माशाच्या डोक्यावर टाकतो. निंफ माशावरून हातभर उंचीवरून निघून जातो, आणि आज मासे खात नाहीत असा निष्कर्ष काढून तो घरी येतो. निंफ बुडण्याचा वेग काठाजवळच्या संथ पाण्यात सोडून, मनात अंक मोजून, आधीच ठरवून ठेवावा.

दुसरी गोष्ट कठीण आहे. वरचे पाणी वेगाने, तळचे संथपणे वाहते. निंफ तळाच्या वेगाने जावयास हवा, पण त्याला बांधलेली दोरी वरच्या पाण्यात पडलेली असल्यास ती पुढे धावते व निंफला ओढून वर आणते. सुटे पिल्लू कधी प्रवाहापेक्षा वेगाने धावत नाही. मासा हा फरक ओळखतो. म्हणून पाण्यात दोरी पडूच न देणे हा सर्वात सोपा उपाय होय, आणि लांब काठीचे प्रयोजन हेच. खालच्या अंगाला उभे राहून काठीच्या लांबीच्या दीडपटीहून अधिक दोरी बाहेर न काढता निंफ तिरकस वरच्या अंगाला टाकावा. तो पडताच काठीचा शेंडा उचलून दोरी पाण्याबाहेर धरावी, म्हणजे बारीक तंगूस तेवढे पाण्यात उभे शिरेल. मग निंफ जसजसा जवळ येईल तसतसा शेंडा त्याच्या किंचित पुढे राहील असा नेत जावा. दोरी ताणलेली नसावी व लोंबकळतही नसावी.

निंफ योग्य वेगाने चालला आहे की नाही हे ओळखण्याची एक खूण आहे. तंगूस पाण्यात शिरते त्या ठिकाणाजवळील फेसाच्या एखाद्या बुडबुड्यावर नजर ठेवावी. बुडबुडा तंगुसाच्या पुढे निघून गेला तर निंफ संथ पाण्यात, म्हणजे तळाशी आहे. दोघे बरोबरीने चालले तर तो अजून वरच आहे. तंगूस बुडबुड्याच्या पुढे पळाले तर त्यास दोरी ओढते आहे.

मासा लागल्याचा झटका हाताला जाणवेल ही कल्पना सोडून द्यावी. ट्राऊट निंफ तोंडात घेतो, तो खोटा आहे हे त्यास तत्काळ कळते, व तो थुंकून टाकतो. या क्षणात तंगूस किंचित अडखळते, थबकते, किंवा बाजूला सरकते. एवढीच वर्दी मिळते. तसे दिसताच मनगटाने काठीचा शेंडा वीतभर उचलावा. हिसका देऊ नये. दहापैकी आठ वेळा तो दगडच निघेल, आणि त्यात कमीपणा नाही. एकदाही दगड लागला नाही तर निंफ तळाशी पोहोचत नाही असे समजून जड निंफ लावावा. प्रत्येक खेपेस अडकला तर हलका लावावा. मासा येत नसेल तर आधी खोली बदलावी, मग उभे राहण्याची जागा बदलावी, आणि सर्वांत शेवटी निंफचा प्रकार बदलावा. लोक उलट क्रमाने जातात व दिवस घालवितात.

हाताशी बांधलेल्या आखूड दोरीची ही रीत १९८० च्या दशकात पोलंड व तत्कालीन चेकोस्लोव्हाकियाच्या स्पर्धकांमुळे सर्वत्र पसरली. मूळ इंग्रजी रीत याहून वेगळी होती. तेथील चुनखडीच्या नद्या आरशासारख्या स्वच्छ व संथ. मासा दिसतो, म्हणून त्याला हेरून लांबून निंफ टाकावयाचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रेडरिक हॅलफर्ड यांच्या प्रभावाने तेथे तरंगत्या माशीखेरीज दुसरा गळ टाकणे कमीपणाचे मानले जाऊ लागले. इचेन नदीवर गळ टाकणारे लंडनचे वकील जी. ई. एम. स्क्यूज यांनी मात्र धरलेल्या माशांच्या पोटातील अन्न चमच्याने काढून पाहिले व त्यात निंफच अधिक आहेत हे दाखविले. त्यांचे पहिले पुस्तक १९१० मध्ये व निंफवरील पुस्तक १९३९ मध्ये निघाले. दरम्यान १९३८ मध्ये लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात या प्रश्नावर रीतसर वादविवाद झाला. पोट फाडून पाहिले असता जे दिसते त्यावर तीस वर्षे वाद व्हावा, याचे नवल वाटते.

सॉयर यांची एक युक्ती येथेही चालते. निंफ माशाच्या पुढ्यात येताच शेंडा हलकेच उचलावा, म्हणजे तो तळातून वर निघालेल्या पिल्लासारखा उठतो व मासा आपोआप तोंड उघडतो. ही युक्ती वारंवार करू नये. खोल, संथ डोहात जेथे आखूड दोरी पुरत नाही तेथे तंगुसावर लोकर किंवा कॉर्कची छोटी तरंगती खूण बांधतात. ती निंफपासून पाण्याच्या खोलीच्या साधारण दीडपट अंतरावर असावी. प्रथम खूण न वापरता शिकावे, असे लेखकाचे मत आहे. खुणेवर खिळलेली नजर तंगुसाची भाषा शिकत नाही.

मासा हाती आल्यावर

परवाना तेथील मत्स्य विभागाकडून घ्यावा व त्यावर छापलेल्या आकाराच्या व संख्येच्या मर्यादा पाळाव्या. १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर ट्राऊटच्या पाण्यात मासेमारी बंद असते, कारण तो विणीचा काळ होय. मादी खड्यांत खळगा करून अंडी घालते व ती खड्यांनी झाकते. वसंतातही काही काळ पिल्ले त्या खड्यांतच असतात. धुतल्यासारखा स्वच्छ, उजळ दिसणारा खड्यांचा पट्टा आढळल्यास त्यावर पाय देऊ नये.

सोडून द्यावयाचा मासा ओल्या हातानेच धरावा. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरील बुळबुळीत थर निघतो व तेथे बुरशी धरते. गळाचा उलटा दात पक्कडीने आधीच दाबून टाकला असेल तर गळ पाण्यातच निघतो. मासा प्रवाहाकडे तोंड करून हातात धरावा व तो आपल्या बळाने निघून जाईपर्यंत थांबावे. खावयाचा मासा चटकन मारावा, आणि त्याचे पोट पांढऱ्या ताटातील पाण्यात उघडून पाहावे. सकाळी दगडाखाली पाहिलेले व माशाने खाल्लेले यांची गाठ तेथे पडते.

पाणी चढते त्याविषयी

मे-जूनमध्ये बर्फ वितळू लागले की हिमालयातील नदी सकाळी शांत असते व दुपारनंतर चढते. सकाळी गुडघाभर पाण्यातून पलीकडे गेलेला माणूस सायंकाळी परतू शकत नाही. ज्या नदीवर धरण आहे तेथे तर पाणी केव्हा सोडतील याचा नेम नाही. ८ जून २०१४ रोजी लारजी धरणातून सोडलेल्या पाण्यात थलौटजवळ ब्यास नदीच्या पात्रात उतरलेले हैदराबादचे २४ विद्यार्थी वाहून गेले. भोंगा ऐकू येईल या भरवशावर पात्रात उभे राहू नये. पाणी गढूळ होऊ लागले, काठावरची काटकी तरंगू लागली, एखादा दगड हळूहळू दिसेनासा झाला, की तत्काळ काठ गाठावा.

फवारणीचा पंप व ओढा

तीर्थन नदीचा उगम ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानात आहे. या उद्यानाला २०१४ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. उगमाजवळ पाणी निर्मळ, परंतु खाली उतरताच काठावर सफरचंदाच्या बागा लागतात. सफरचंदावर फवारणीचा हंगाम व ट्राऊटच्या मासेमारीचा हंगाम एकच. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन यांसारखी पायरेथ्रॉइड गटातील औषधे माशांना व पाण्यातील कीटकांना अत्यल्प प्रमाणातही मारक आहेत. इमिडाक्लोप्रिडला मेफ्लायची पिल्ले फारच संवेदनशील आहेत. यात आश्चर्य नाही. कीटक मारण्यासाठी केलेले औषध ओढ्यात गेल्यावर तेथील कीटकास ओळखून सोडून देणार नाही. फवारणी करून झाल्यावर पंप ओढ्यात बुडवून धुणे, रिकाम्या बाटलीत ओढ्याचे पाणी भरून खळबळणे, औषधाचे द्रावण पात्रात बसून कालविणे, या सवयी हिमाचलातही आढळतात आणि आपल्याकडेही आढळतात.

रस्त्याच्या कामाची माती नदीत लोटल्याने होणारी हानी याहून शांतपणे होते. मासा मरून तरंगत नाही, वासही येत नाही. गाळ दगडांच्या फटींत बसतो, पिल्लांची घरे बुजतात, आणि ट्राऊटच्या अंड्यांना मिळणारे वाहते पाणी तुटते. दगड उचलून पाहणाऱ्यास मात्र पहिल्याच आठवड्यात कळते. दगड चिखलातून उपटावा लागतो व खाली काही नसते. गावातील माशांच्या तक्रारी ऐकू येतात तेव्हा या गोष्टीस वर्ष उलटलेले असते.

सह्याद्रीतील ओढ्यांत ट्राऊट नाही, पण मेफ्लाय, कॅडिस व स्टोनफ्लाय यांची पिल्ले आहेत, आणि त्यांचे पाण्याशी असलेले नाते तेच आहे. पाऊस ओसरून पाणी निवळल्यावर, कार्तिक-मार्गशीर्षात, ही पाहणी करावी. गावाच्या व बागायतीच्या वरच्या अंगाला एक खळाळ व खालच्या अंगाला तसाच दुसरा खळाळ निवडावा; दोन्हींची खोली व दगडांचा आकार साधारण सारखा असावा. दोन्ही ठिकाणी एकाच दिवशी मुठीहून मोठे दहा-दहा दगड वर सांगितल्याप्रमाणे चाळणीवर धुऊन मेफ्लाय, स्टोनफ्लाय व कॅडिस किती, हे वेगवेगळे मोजावे. एका दगडावरून किंवा नुकत्याच येऊन गेलेल्या पुरानंतरच्या मोजणीवरून अनुमान काढू नये. वरच्या अंगाला स्टोनफ्लाय व चपटी मेफ्लाय आहेत, आणि खालच्या अंगाला ती नाहीशी होऊन तांबड्या बारीक अळ्या व गांडुळासारखे कृमी तेवढे उरले आहेत, असे दोन-तीन वेळा आढळल्यास मधल्या पट्ट्यात ओढ्याला काय मिळते त्याचा शोध घ्यावा. शाळेतील मुलांकडून ही मोजणी चांगली होते. त्यांची नजर तीक्ष्ण असते व त्यांना घाई नसते. पाहून झाल्यावर ताट ओढ्यातच रिकामे करावे, आणि प्रत्येक दगड शेवाळलेली बाजू वर ठेवून जेथला तेथे बसवावा.